निर्दोष आराखडा

कागदावर पाच ओळी होत्या आणि होरियानं त्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचल्या. कचेरीतल्या सगळ्यांची गुणचाचणी घ्यायला आलेल्या बाई जाताना सांगून गेल्या होत्या की प्रत्येकानं आपापला कागद घरी नेऊन शांतपणे वाचावा. पण होरियाला शांतपणे काही करायची सवय नव्हती. नकाशांच्या लांब टेबलाशी उभं राहून, चष्मा कपाळावर सारून त्यानं स्मारांदाचा कागद उचलला. "माणसाची मूळ बलस्थानं. क्रमांक एक : उणीव चटकन लक्षात येणे." टेबलाभोवती हसू पसरलं. वाईट हसू नव्हतं ते. घरातल्या माणसाच्या घोरण्यावर हसतात, तसं. वीजजोडणीचे नकाशे काढणारा सांडू म्हणाला, "एवढ्यासाठी चाचणी? माझ्या बायकोनं कोबीच्या पानात गुंडाळून दिलेला भात कच्चा आहे, हे आपल्या स्मारांदाबाईंनी डबा उघडायच्या आधी सांगितलं होतं." "वासावरून," स्मारांदा म्हणाली आणि सगळ्यांबरोबर तीही हसली. पुढच्या ओळी तिच्या कानावरून गेल्या : चिकाटी, स्पष्टवक्तेपणा, आणखी काहीतरी. कागदाच्या मागच्या बाजूला उरलेले गुण उतरत्या क्रमानं छापलेले होते. तिनं कागद हातात आल्यावर आधी मागची बाजू पाहिली. कल्पकता शेवटून दुसरी होती. शेवटून पहिलं काय असेल म्हणून तिची नजर आपसूक खाली घसरली, तर तिथं 'इतरांना प्रोत्साहन देणे' असं होतं, आणि 'प्रोत्साहन'मधला काना छपाईत उडाला आहे हे तिच्या लक्षात आलं. ते लक्षात आल्यावर मात्र तिला आपला स्वतःचा इतका कंटाळा आला की तिनं कागदाची चौघडी करून ती पर्सच्या तळाशी, चिल्लर आणि केसांच्या पिनांच्या खाली कोंबली.

जेवणाच्या सुट्टीनंतर होरियानं तिला आपल्या खोलीत बोलावलं. तो तिच्याहून आठ वर्षांनी लहान होता आणि दोन वर्षांपूर्वी जुने साहेब निवृत्त झाल्यापासून कचेरीचा प्रमुख होता. जुन्या साहेबांनी जाता जाता एक चांगली गोष्ट केली होती. ओल्तेनित्सा या डॅन्यूबकाठच्या लहान गावासाठी मुलांचं वाचनालय बांधायचं काम आलं, तेव्हा त्याचा आराखडा त्यांनी वास्तुकारांना न देता स्मारांदाला दिला होता. ती इंजिनीअर. वीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या इमारती उभ्या राहतील की नाही, एवढंच तपासत आलेली. 'काढ एकदाचं तुझ्या मनासारखं,' साहेब म्हणाले होते. तिनं दोन वर्षं ते काढलं. रविवारी काढलं, इस्टरच्या सुट्टीत काढलं, दात काढून गाल सुजला होता तेव्हाही काढलं.

"बाई, रागावू नका," होरिया म्हणाला. "वाचनालय मी आपल्या तरुण वास्तुकाराकडे, कात्रिनेलकडे देतोय. आराखडा स्पर्धेला पाठवायला सहा आठवडे राहिलेत."

"माझ्या आराखड्यात चूक कुठं आहे ते दाखव."

"चूक नाहीच. तीनदा पाहिला मी. एक चूक नाही." तो खिडकीकडे बघत होता. "तुम्ही जुन्या इमारतींच्या तपासणीकडे पूर्ण वेळ या. पालिकेकडून चाळीस इमारती आल्या आहेत. अख्ख्या बुखारेस्टमध्ये तुमच्यासारखी नजर नाही कोणाची, हे मी तोंडदेखलं म्हणत नाहीये. माणसानं आपल्या बळाच्या जागी काम करावं. उगाच उंटाला पोहायला कशाला लावायचं?"

"उंट पोहतो," स्मारांदा म्हणाली.

"बघा," होरिया म्हणाला आणि दोन्ही हात पसरले, जणू तिनंच त्याचा मुद्दा सिद्ध करून दिला होता.

ती बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर लिंडनच्या फुलांचा जड, मधासारखा वास साचला होता. जूनमध्ये या शहराला असा वास येऊ लागला की लोक जरा सैल होतात, ट्रामच्या थांब्यावर अनोळखी माणसाशी बोलतात. तिला मात्र त्या वासानं नेहमी परीक्षा आठवायची. वास्तुकलेच्या शाळेची प्रवेशपरीक्षा याच दिवसांत असे. नव्वद साली एकदा आणि एक्याण्णव साली पुन्हा एकदा ती त्या उंच खिडक्यांच्या दालनात बसली होती, समोर प्लास्टरचं एक डोकं, हातात कोळशाची कांडी. दुसऱ्या वर्षी तिच्या शेजारी एक मुलगा होता, नखं कुरतडलेला. त्यानं काढलेल्या डोक्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा बोटभर वर होता. तिला तो कान दिसत होता आणि त्याला सांगावंसं वाटून तिच्या घशाशी येत होतं. तिनं काढलेले दोन्ही कान अगदी जागच्या जागी होते. परीक्षक हात मागे बांधून फिरत आले, तिच्या कागदावरून त्यांची नजर ओली फरशी पार करावी तशी भरभर गेली, आणि त्या मुलामागे ते थांबले. बराच वेळ थांबले. मुलगा आत गेला, ती बाहेर राहिली. पंचवीस वर्षं झाली, तरी तो वर चढलेला कान तिच्या डोळ्यांसमोर येई आणि तिला वाटे, कोणीतरी आपल्याला फसवलं आहे. कसं, ते सांगता येत नसे. आणि आता एका कागदानं तेच छापून दिलं होतं, वर त्याला बलस्थान म्हटलं होतं. लंगड्याला सांगावं की बाबा, एका पायावर उभं राहण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

चाळीस इमारतींपैकी पहिली ओबोर बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. सात मजली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, गोलसर कोपऱ्याची. सत्याहत्तरचा भूकंप तिनं सोसला होता. अशा इमारतींवर धोक्याचा लाल गोल लावायचा की नाही, हे ठरवायला आधी आत जाऊन पाहावं लागे, आणि आत राहणाऱ्या कोणालाच तपासणी नको असे. लाल गोल लागला की घर विकलं जात नाही, भाडेकरू येत नाही, मुलीचं लग्न मोडल्यासारखी कळा येते. तळमजल्यावर मिठाईचं दुकान होतं. मालक नाए, गोल चेहऱ्याचा, पिठाच्या हातांचा. त्यानं तिला खुर्ची पुसून दिली.

"बसा इंजिनीअरबाई. कॉफी घ्या, केक घ्या. पोट भरलं की भिंतीसुद्धा सरळ दिसतात."

तिनं नुसती कॉफी घेतली. दुकान छान होतं. मधल्या खांबाला चारी बाजूंनी आरसे लावलेले, काचेच्या कपाटात चेरीचे केक, कोपऱ्यात शाळकरी मुली हसत बसलेल्या. कॉफी थंड होईपर्यंत ती नुसती बसून राहिली आणि तिला उगाच अस्वस्थ वाटू लागलं. जोड्याच्या आत खडा आहे पण कुठे टोचतोय ते कळत नाही, तसं. दुकान छान होतं. दुकान जरा जास्तच ऐसपैस होतं. तिनं कप खाली ठेवला, टेप काढली आणि काही न बोलता तळघरात गेली. तिथं तोच मधला खांब साठ सेंटिमीटर. मग ती जिन्यानं पहिल्या मजल्यावर गेली आणि दार वाजवलं.

दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. फ्रोसाबाई, वय ब्याऐंशी, या घरात एकूणसाठ वर्षं. तिनं आधी पाहुणचार केला. बशीत चमचाभर आंबट चेरीचा मुरंबा आणि शेजारी पाण्याचा पेला. तो संपेपर्यंत ती कामाचं काही ऐकून घेईना. "खा पोरी. माप कुठं पळून जात नाही." तिच्या बैठकीच्या खोलीतून तोच खांब वर जात होता. स्मारांदानं टेप लावली. पंचावन्न. मग ती बोटाच्या पेरानं खांबावर वाजवत वाजवत खाली वाकत गेली, तशी म्हातारी म्हणाली, "डॉक्टरसारखं काय करतेस? ताप आहे का त्याला?"

वाजवणं तिनं वडिलांकडून उचललं होतं. ते चकाकत्या फरश्यांच्या उंच शेगड्या बांधत. लाकूड जाळून खोली उबदार ठेवणाऱ्या. ती सात वर्षांची असताना एका दंतवैद्याच्या घरी त्यांच्यासोबत गेली होती. शेगडी बांधून झाली होती, मालक खूश होता, वडील हात धूत होते. तिनं गंमत म्हणून एकेक फरशी वाजवली आणि म्हणाली, "बाबा, ही पोकळ आहे." वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतः वाजवून पाहिलं, आणि मालक नको नको म्हणत असताना ती फरशी उचकटली. आत माती बसलीच नव्हती. पोकळीतून धूर खोलीत आला असता. त्या संध्याकाळी जेवताना ते आईला म्हणाले, "पोरीचा कान सोन्याचा आहे." आई म्हणाली, "कान सोन्याचा आणि जीभ विळ्याची. काल माझ्या बहिणीला म्हणाली, तुझा एक डोळा लहान आहे." दोघं हसली. वडिलांना दाखवायला म्हणून तिनं त्या दिवशी फरश्यांवर काढण्यासाठी निळ्या पक्ष्यांची एक चित्रमालिका आणली होती. त्यांनी ती हातात घेतली, "छान छान" म्हणाले आणि कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या शेगडीची मापं लिहिली. त्यांच्या मनात काही नव्हतं. कागद तेव्हा सहज मिळत नसे. पण त्यांचा शिसपेन्सिलीचा दाब इतका होता की पक्ष्यांच्या अंगातून आकडे उलटे उमटले.

ती पुन्हा दुकानात आली. आरशांसकट खांब बेचाळीस भरला. खाली साठ, वर पंचावन्न, मध्ये बेचाळीस. तिनं दोनदा मोजलं. "नाए साहेब," ती म्हणाली, "या खांबाला कोणी हात लावला होता का?"

"मी? मी घेतलं तेव्हा असंच होतं. आधी इथं चपलांचं दुकान होतं. देवाशपथ."

"आरसे काढावे लागतील."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण त्याच्यातली ऊब गेली. "बाई, सत्याहत्तरमध्ये शेजारची पडली, ही नाही पडली. तुम्ही कशाला मेलेल्याला उठवता? बाकीचे इंजिनीअर आले, केक खाल्ला, गेले."

"मी केक खाल्ला नाही."

"तेच तर," नाए म्हणाला. "तेव्हाच मला कळायला हवं होतं."

आरसे तिसऱ्या दिवशी निघाले. दोन कामगार, नाए, पालिकेचा एक माणूस, आणि दारात शाल पांघरून फ्रोसाबाई. शेवटचा आरसा उतरला. कोणीतरी, कधीतरी, खांबाची एक बाजू छिन्नीनं सोलून काढली होती. टेबलांची एक रांग जास्त बसावी म्हणून. आतल्या लोखंडी सळ्या चार ठिकाणी कापलेल्या होत्या, आणि वरून खाली, करंगळी जाईल एवढी तिरकी भेग गेली होती. सात मजले त्यावर उभे होते. कोपऱ्यात शाळकरी मुली रोज बसत होत्या. एका कामगारानं टोपी काढली. आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असताना, स्मारांदाला आनंद झाला. साधासुधा नव्हे, छातीत काहीतरी टपकन जागेवर बसावं तसा, पूर्ण, दाणेदार आनंद. वाचनालयाच्या दोन वर्षांत एकदाही असा झाला नव्हता. तो ओळखून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे आपलं बळ. दुसऱ्याच्या पायाखालची भेग दिसली की आपण उमलतो. नवरा व्हालेरिऊ घर सोडताना म्हणाला होता, "तुझ्याशी लग्न केल्यापासून मी रोज तपासणीला उभा आहे," आणि तेव्हाही तिच्या लक्षात आलं होतं की त्यानं बॅगेत दोन्ही मोजे वेगवेगळ्या जोडांतले भरले आहेत. तिनं ते सांगितलंही होतं.

त्याच दुपारी लोखंडी टेकू लागले. दुकान बंद झालं आणि सातही मजल्यांवरच्या लोकांना तात्पुरत्या घरांत हलवायचं ठरलं. फ्रोसाबाईचं सामान जिन्यावरून उतरत होतं तेव्हा स्मारांदा खाली उभी होती. पळून जावंसं वाटत होतं, म्हणूनच उभी होती.

"एकूणसाठ वर्षं," म्हातारी म्हणाली. "इथून मी नवऱ्याला पुरायला नेलं, इथं मुलगी वाढवली. काल मला माहीत नव्हतं, काल मी झोपले. आता मी जिथं जाईन तिथं छताकडे बघत पडेन. हे तू दिलंस मला."

"आजी, खांब कापलेला होता. एखादा मध्यम धक्कासुद्धा…"

"ते मला कळलं. मी म्हातारी आहे, खुळी नाही. तुझं बरोबरच आहे." ती थांबली, दम खाल्ला. "पण पोरी, एवढं बरोबर असून तुझं तोंड असं का?"

म्हातारीनं स्मारांदाच्या हातात एक पिशवी दिली, क्षणभर धरायला म्हणून, आणि म्हातारी आपल्या मुलीच्या गाडीत बसेपर्यंत ती पिशवी स्मारांदाच्याच हातात राहिली. पुढच्या दिवसांत तिनं आणखी सहा इमारती पाहिल्या. दोन ठिकाणी तिला शिव्या बसल्या, एका ठिकाणी मांस भाजायच्या धुराड्यामागे कापलेली तुळई सापडली. प्रत्येक वेळी आधी तो खडा टोचायचा, मग सापडायचं, मग तो आनंद आणि त्यामागोमाग लाज. लाजेची धार हळूहळू बोथट होत गेली. पण चिडचिड तशीच राहिली. होरिया दिसला की वाटे, याच्या तोंडावर काहीतरी फेकावं. याचं म्हणणं खरं निघत होतं आणि तो ते पुन्हा बोलूनही दाखवत नव्हता.

चौथ्या आठवड्यात, दुपारी, कचेरी बरीचशी रिकामी असताना कात्रिनेल तिच्या टेबलाशी आली. सत्तावीस वर्षांची, बोटांना कायम शाई, एक बटण चुकीच्या काजात. हातात दोन गुंडाळ्या. "बाई, तुम्ही माझ्यावर रागावला आहात का मला माहीत नाही," ती म्हणाली. "असाल तर बरोबर आहे. पण हे पडेल असं मला वाटतंय आणि का ते कळत नाहीये."

"काय पडेल?"

"वाचनालय. हा तुमचा आराखडा, हा माझा."

तिनं दोन्ही शेजारी शेजारी पसरून चार कोपऱ्यांवर कप, स्टेपलर, फोन आणि स्वतःची कोपरं ठेवली. स्मारांदानं आधी स्वतःचा आराखडा पाहिला, कारण ते सोपं होतं. तो तिला तोंडपाठ होता. वाचायची दालनं उत्तरेला, म्हणजे पानांवर ऊन पडू नये. दारं रुंद. जिना बंदिस्त, आगीच्या नियमानं. पुस्तकांचं वजन जिथं हवं तिथं. तिची नजर सवयीनं फिरत गेली, गल्लीतल्या इमारतींवरून फिरायची तशी, टोचणारा खडा शोधत, आणि कुठंच अडली नाही. पार शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन ती बाहेर पडली. ओली फरशी पार करावी तशी. तेव्हा तिला कळलं. इथं एकही चूक नव्हती, कारण तिनं काही काढलंच नव्हतं. दोन वर्षं तिनं फक्त चुका टाळल्या होत्या. एकेक संभाव्य खोट वगळत गेल्यावर जे उरलं, ते हे होतं. या इमारतीत कोणत्या मुलाला पाय दुमडून बसावंसं वाटलं असतं? ती हे पाहत राहिली. रडू आलं नाही. भिंत वाजवून पोकळ लागली म्हणजे कोणी रडत नाही.

मग तिनं दुसरा कागद पाहिला. तो चुकांचं मोहोळ होता. दारं कपाटांवर उघडत होती, शौचालयाला खिडकी नव्हती, आणि मधोमध एक प्रचंड रुंद लाकडी जिना होता. तो जिना कुठं जाण्यासाठी नव्हताच. पायऱ्यांवर मुलांनी बसायचं, लोळायचं, वाचायचं, आणि वर चढत चढत एका मोठ्या खिडकीशी पोचायचं, जिथून नदी दिसते. जिन्याखाली नुसती काचेची भिंत. स्मारांदाला हेवा इतका स्वच्छ वाटला की त्याची तिला भीती वाटली. त्याच वेळी तिची नजर जिन्याच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन टोचली.

"इथं पडेल," ती म्हणाली.

"मलाही तिथंच वाटत होतं. मग जिना काढू? होरिया म्हणाला, काढ."

"होरिया गाढव आहे," स्मारांदा म्हणाली. "जिना काढलास तर राहिलं काय?" तिनं पेन्सिल ओढली. "ही काच हवीच का? नुसती दिसायला आहे ना? इथं पुस्तकांची भिंत घे. काँक्रीटची, साठ जाडीची, दोन्ही बाजूंनी कोनाडे. मुलं खालूनही पुस्तकं काढतील आणि वर जिना तिच्या खांद्यावर बसेल. हे दार उलट फिरव. आणि इथं तुझी मुलं खिडकीवर चढणार. चढणारच, तेव्हा काच आतल्या बाजूला घे आणि कठडा बसायच्या उंचीचा कर, म्हणजे चढायची गरजच नाही."

कात्रिनेल लिहून घेत होती, मग लिहायची थांबली आणि नुसती पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिली. दोन तास गेले. बाहेर ट्राम गेली की कप किणकिणत. स्मारांदाची मान अवघडली होती. ती एकामागून एक खोट काढत होती, आणि तिनं प्रत्येक खोट काढली की इमारत थोडी अधिक कात्रिनेलची होत होती. हे तिला दिसत होतं, तरी तिला थांबता येत नव्हतं. मध्येच तिनं स्वतःचा आराखडा गुंडाळून टेबलाखाली टाकला, जागा कमी पडत होती म्हणून.

शेवटी कात्रिनेल मागे सरकली. तिचे डोळे लाल झाले होते. "उभं राहिलं," ती म्हणाली. मग घसा साफ करून, "स्पर्धेच्या अर्जावर तुमचं नाव कुठं घालू?"

"तपासणार, अशी एक ओळ असते खाली. तिथं."

"ती बारीक असते. मी वर घालते, माझ्या शेजारी."

"खाली घाल. मी काही काढलेलं नाही." आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला.

कात्रिनेल म्हणाली, "तुम्ही नसता तर हे पडलं असतं, बाई."

स्मारांदाच्या मनात उत्तर तयार होतं. तू नसतीस तर हे नसतंच. एवढंच म्हणायचं होतं. वाक्य सोपं होतं, खरं होतं, आणि त्या मुलीनं ते कितीतरी दिवस जपून ठेवलं असतं. ते छातीतून वर आलं, जिभेवर पोचलं. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिची नजर कागदावर पडली.

"तिसऱ्या पायरीची उंची दीड सेंटिमीटर जास्त आहे," ती म्हणाली. "मुलं अडखळतील."

कात्रिनेलनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं रबर घेतलं, कागदावर वाकली आणि ती रेघ खोडू लागली. स्मारांदा हात मांडीवर ठेवून, ओठ घट्ट मिटून, ती नवी रेघ सरळ येते की नाही ते पाहत राहिली.